पुनवेला घरात कोण बसतं?

पौर्णिमा कधी आहे हा प्रश्न आमच्या घरात कुणी आभाळाकडं बघून सोडवल्याचं मला आठवत नाही. तो भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून, चष्मा कपाळावर सरकवून सोडवायचा असतो. 'प्रारंभ दुपारी अमुक वाजता, समाप्ती दुसऱ्या दिवशी तमुक वाजता' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि वादाला तिथूनच तोंड फुटतं. आज धरायची का उद्या? शेजारच्या काकी म्हणतात आज, आत्तीचा फोन येतो की त्यांच्याकडं उद्या. आजी असेपर्यंत हा वाद फार लांबायचा नाही. "तुम्ही बसा कॅलेंडर बघत, मी जातो वाडीला," असं म्हणून ती नृसिंहवाडीला जायला पिशवी उचलायची.

वाद तसा खोटा नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढं गेला की एक तिथी होते. चंद्राची चाल मात्र सारखी नसते, त्यामुळं एखादी तिथी २० तासांच्या आत आटोपते, तर एखादी २६ तासांपर्यंत रेंगाळते. आपल्या मध्यरात्रीशी किंवा सूर्योदयाशी तिला काही देणंघेणं नसतं. धर्मशास्त्रवाल्यांनी यावर तोडगा काढला तो असा, की ज्या सणाचं मुख्य काम ज्या वेळेला, त्या वेळेला पौर्णिमा असली पाहिजे. कोजागरीला ती मध्यरात्री हवी, होळीला सूर्यास्तानंतर हवी, कार्तिकातल्या स्नानाला पहाटे हवी. त्यामुळं एकच पौर्णिमा दोन दिवशी, दोन कामांसाठी, दोन्हीकडं खरी असू शकते. त्यात राखीला आणि होळीला भद्रेचा मेसेज फिरतो. भद्रा म्हणजे विष्टी करण, शुभ कामाला टाळायची वेळ, आणि पौर्णिमेच्या तिथीचा पहिला अर्धा भाग भद्रेचाच असतो. दर पौर्णिमेला असतो. पण आमच्या ग्रुपवर दरवर्षी तो 'यंदा दुर्मिळ योग' म्हणूनच येतो, आणि पाठवणारेही दरवर्षी तेच असतात.

मला विचाराल तर कोल्हापुरात पुनव ओळखायची ती रस्त्यावरून. स्टँडवर गर्दी कुठल्या फलाटाला आहे, केर्लीच्या बाजूला चालणारी माणसं किती आहेत, गंगावेशीतून पहाटे कोण कुठं निघालंय, एवढं बघितलं की महिना सांगता येतो. चैत्रात माणूस वायव्येला जोतिबाच्या डोंगराकडं निघालेला असतो, मार्गशीर्षात पूर्वेला वाडीकडं नाहीतर दक्षिणेला बेळगाव ओलांडून सौंदत्तीकडं. (अमावस्येला बाळूमामाच्या आदमापूरला. म्हणजे महिन्यातून दोनदा तरी आमचा माणूस घरात सापडत नाही.)

याला कारण साधं असावं असं मला वाटतं. पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमाराला चंद्र उगवतो आणि सूर्य उगवायच्या वेळेला मावळतो. रात्रभर उजेड मिळायची महिन्यातली ही एकच रात्र. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला एक तर मावळतो नाहीतर उगवतो, अमावस्येला तो नसतोच. बैलगाडी जुंपून, पोरंबाळं आणि शिधा घेऊन, उन्हाच्या आत डोंगर गाठायचा तर रात्रीच चालायला हवं, आणि रात्री चालायचं तर पुनवच हवी. देव पौर्णिमेला जन्मला म्हणून यात्रा त्या दिवशी, हे पुजाऱ्यांचं उत्तर झालं. गाडीवानाला विचारलं असतं तर त्यानं बहुतेक दुसरं काही सांगितलं असतं.

जोतिबाची चैत्र यात्रा बघितली की हे जास्तच पटतं. वाडी रत्नागिरी कोल्हापुरापासून १७-१८ किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यात. आता डोंगरावर डांबरी रस्ता आहे, एसटी आहे, पार्किंगचे पास आहेत. तरी आदल्या रात्री पायथ्याशी उभं राहून बघावं. लोक चालतच असतात. कुणी सांगली जिल्ह्यातून, कुणी साताऱ्याकडून, कुणी सीमेपलीकडून, काहीजण चार-पाच दिवस आधी गाव सोडलेले. हातात बॅटऱ्या असतात, मोबाईलचे दिवे असतात, वर डोंगरावर मोठाले फ्लडलाईट असतात. चंद्र बिचारा बाजूला उभा असतो, त्याला कुणी काम सांगत नाही.

या वाटेवरची मला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे मेकॅनिक. गाड्या घेऊन येणाऱ्या भाविकांसाठी शहरातले दुचाकी दुरुस्तीवाले आपापली दुकानं बंद करून डोंगराच्या वाटेला येऊन बसतात. पंक्चर, क्लच वायर, ब्रेक, सगळं फुकट. त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं होतं, वर दर्शनाला कधी जाणार? पाना हातात तसाच धरून तो म्हणाला, "गर्दी वसरली की बघू. न्हायतर रविवार हायच की." रविवार हा जोतिबाचा वार. पुढच्या मोटरसायकलचं चाक त्यानं तोवर काढलंही होतं.

सासनकाठी लांबून बघणं वेगळं आणि तिच्याखाली उभं राहणं वेगळं. २५-३० फुटांचा, कधी त्याहूनही उंच बांबू, त्याला रंगीत कापड गुंडाळलेलं, वर निशाण. बुडखा ज्याच्याकडं असतो त्याच्या कमरेला जाड कापडाचा पट्टा असतो. त्यात तो बुडखा टेकवून तो काठी तोलतो, आणि चारी बाजूंना दोऱ्या धरून बाकीचे उभे राहतात. हलगी आणि सनई सुरू झाली की काठी नाचवायची. काठी नाचते म्हणजे खरं तर खालचा माणूस नाचतो आणि वरचं टोक त्याला उशिरानं उत्तर देतं. तो डावीकडं गेला की टोक क्षणभर उजवीकडंच असतं, आणि त्या क्षणात दोरीवाल्यांच्या दंडाची शीर उठते. मी एकदा दोरी धरली होती. तळहाताला गुलाल लागलेला असतो, घाम असतो, दोरी निसटायला बघते, आणि कुठूनतरी खोबऱ्याचा तुकडा येऊन डोक्यावर आदळतो. गुलाल-खोबरं उधळायचं असतं ते असं, नेम न धरता. मानाच्या काठ्यांचा क्रम ठरलेला, पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीचा. त्या क्रमात कुणी कुणाच्या पुढं घुसलं तर काय होतं ते न लिहिलेलंच बरं.

गुलालाबद्दल सगळे लिहितात, पण त्या दिवसाचा खरा वास दवण्याचा. चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात. ती बारीक पानांची, करड्या हिरव्या रंगाची जुडी खिशात ठेवली की सदऱ्याला आठवडाभर वास राहतो. गुलाल मात्र कानाच्या पाळीमागं सापडत राहतो, आणि ऑफिसात कुणीतरी "जोतिबाला जाऊन आलासा वाटतं" म्हणतं. संध्याकाळी पालखी यमाईच्या भेटीला निघते. 'चांगभलं'चा गजर होतो तेव्हा आधी तो छातीत वाजतो आणि मग कानाला कळतो. आत्ताचं जोतिबाचं मंदिर राणोजी शिंद्यांनी १७३० च्या सुमाराला बांधलं. ग्वाल्हेरपर्यंत गेलेली ही माणसं, पण कुलदैवत इथलं. २०२० आणि २०२१ साली करोनामुळं यात्रा भाविकांविना झाली. डोंगर त्या पुनवेला रिकामा होता. वृत्तपत्रातला फोटो बघून आमचे आण्णा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "गुलाल न्हाई तर फरशीचा रंग कसा दिसतोय बघ." आम्ही कुणीच तो आधी बघितला नव्हता.

आजीची वाट वेगळी होती. ती दत्ताची. नृसिंहवाडीची पौर्णिमेची वारी करणारी माणसं कोल्हापुरात घरटी एक तरी सापडतील. पहाटेची एसटी, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर स्नान, पादुकांचं दर्शन, एक प्रदक्षिणा जास्त की कमी यावर स्वतःशीच हिशेब, आणि परत येताना पेढे, बासुंदी आणि कृष्णाकाठची वांगी. वांगी नाही आणली तर वारी झाली यावर आमच्या घरात कुणी विश्वास ठेवला नसता. वाडीला मूर्ती नाही, पादुका आहेत. नृसिंहसरस्वती तिथं बारा वर्षं राहिले. मंदिराला शिखरही नाही. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी परत आली म्हणून त्यानं ते बांधून दिलं, अशी कथा तिथले पुजारी सांगतात, आणि इमारतीची ठेवण बघितली की कथेला बळ येतं. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, संध्याकाळी जन्मकाळ होतो. पाळणा हलतो आणि सगळा घाट एकदम 'दिगंबरा दिगंबरा' म्हणू लागतो. आजीला मात्र जयंतीची गर्दी आवडायची नाही. "वाढदिवसाला सगळीच येत्यात," म्हणायची. तिला साधी पौर्णिमा आवडायची, जिला सण नाही, नाव नाही. भाद्रपदातली, पौषातली.

दत्त काशीला आंघोळ करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि माहूरला झोपतात, असं म्हणतात. आजीचं यावर ठाम मत होतं. जेवायला कोल्हापूर निवडलं म्हणजे देवाला कळतं.

त्याच मार्गशीर्ष पौर्णिमेला शहरातली दुसरी निम्मी माणसं उलट्या दिशेला असतात. सौंदत्तीच्या यल्लमाच्या डोंगरावर. पेठापेठांतून एसटीच्या गाड्या ठरवून मंडळी निघतात. मानाचे जग (देवीच्या टोपल्या) डोक्यावर, हातात लिंबाच्या डहाळ्या, भंडारा, आणि 'उदं गं आई उदं'. एसटीचा 'खोळंबा आकार' कमी करा म्हणून त्याआधी निवेदनं दिली जातात, हाही आता यात्रेच्या विधीचाच एक भाग झाला आहे. गाडी देवीच्या दारात उभी राहते त्या तासांचे पैसे कसले घेता, असा सरळ प्रश्न. मला तो रास्त वाटतो.

या पुनवेला बायका 'रांडाव पुनव' म्हणतात. जमदग्नी मारले गेले, रेणुका विधवा झाली, म्हणून बांगड्या उतरवायच्या. पुढं तिला पुन्हा अहेवपण मिळतं ती 'अहेव पुनव'. देवीला विधवा होता येतं आणि तिचं दुःख शेकडो बायका तिच्याबरोबर वाटून घेतात, यातलं काहीतरी मला अजून नीट मांडता येत नाही. पण याच डोंगराच्या नावानं पोरी देवाला सोडल्या गेल्या, हेही तितकंच खरं आहे. शाहू महाराजांनी १९२० साली करवीर संस्थानात त्याविरुद्ध कायदा केला. कर्नाटकाचा कायदा यायला १९८२ साल उजाडलं. यात्रेचं कौतुक करताना हा भाग गाळून पुढं जाणारे लेख मी वाचतो तेव्हा मला राग येतो. कोल्हापुरातल्या ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात बसलेल्या म्हाताऱ्या जोगतिणींच्या हातात कुणीतरी दहाची नोट ठेवतं, वाकून नमस्कार करतं आणि वळताना त्यांच्याकडं बघतही नाही. हे दरवर्षी होतं.

मंडळी सौंदत्तीहून परतली की त्या ओढ्यावर आंबील यात्रा भरते. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात भिजवून, आंबवून शिजवलेली पातळ पेज. थंडीच्या दिवसात ती गार का प्यायची हे मला लहानपणी कळायचं नाही. बरोबर घुगऱ्या, बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, मेथी, दहीभात, आणि कच्चं गाजर, कांद्याची पात. घरून डबे भरून न्यायचे, परडी भरायची, नैवेद्य दाखवायचा आणि तिथंच पंगत मांडायची. कुणाची भाकरी कुणाच्या ताटात जाते याचा पत्ता लागत नाही. आमच्या काकी पंगतीत बसल्या की शेजारच्या अनोळखी बाईच्या वांग्याची चव घेऊन "कूट कमी पडलं जरा" असं तोंडावर सांगतात. ती बाईही मान डोलावते.

पावसाळ्यातल्या पौर्णिमा मात्र बिनचंद्राच्या. वटपौर्णिमेला अजून आभाळ थोडं उघडं असतं. वडाभोवती सुताचे फेरे होतात, फणसाचे गरे वाण म्हणून येतात, आणि ज्यांना वडाजवळ जायला जमत नाही त्या बाजारातून फांदी आणतात. तोडलेल्या वडाला दीर्घायुष्य कसं मागायचं हा प्रश्न माझ्या बायकोनं एकदा विचारला होता. सासूबाईंनी उत्तर दिलं नाही, पण पुढच्या वर्षी फांदी आली नाही. त्याच ज्येष्ठ पौर्णिमेला इचलकरंजी, शिरोळकडं कर्नाटकी बेंदूर असतो. आपला महाराष्ट्रीय बेंदूर आषाढ पौर्णिमेच्या आगेमागे. पोळा श्रावण अमावस्येला, तो इतरांचा. आम्ही बैलाचं कौतुक आधीच करून मोकळे होतो. शहरात बैल उरले नाहीत, म्हणून शाहूपुरी, गंगावेशीतल्या कुंभारांकडून मातीची जोडी आणायची. ओल्या मातीचा वास असलेली ती जोडी देव्हाऱ्यापुढं ठेवायची आणि शिंगाला पुरणपोळी लावायची. शिंग मोडणारच. ते मोडलं की पोरं रडणारच.

श्रावण पौर्णिमेला दर्यावर नारळ वाहतात, कोळी होड्या लोटतात. आमच्याकडं समुद्र नाही, नारळीभात आहे. पंचगंगा मात्र त्या दिवसांत समुद्रासारखं वागायला बघते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे कोल्हापुरातल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुण्याकडचा महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, शिरोळ तालुका तुटलेला. त्या वर्षी राखी पौर्णिमा १५ ऑगस्टला होती. पाणी उतरायला लागलं होतं, पण माझी धाकटी बहीण अजून गावाबाहेरच्या शाळेत होती, नवरा, सासू, दोन म्हशी आणि वाचवलेल्या कपड्यांच्या गाठोड्यासह. मी गेलो तेव्हा वर्गात फळ्यावर कुणीतरी नावं आणि जनावरांची संख्या लिहिली होती. राखी कुठली मिळणार? मदतीच्या सामानात आलेल्या एका साडीच्या पिशवीला लाल सुतळी होती, ती तिनं सोडवली आणि बांधली. "भद्रा हाय का बघितलंस?" मी विचारलं. ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला. मग म्हैस ओरडली म्हणून ती उठून गेली.

कोजागरीबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण दुधाच्या बाबतीत कोल्हापूरला वेगळ्या रात्रीची गरज नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रोज म्हशी येऊन उभ्या राहतात, समोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. केशर, वेलदोडा, चारोळी घालून आटवलेलं दूध रंकाळ्यावर चटईवर बसून प्यायचं, हे छानच. पण चंद्राला नैवेद्य दाखवायला पातेलं गच्चीत नेलं की पहिला विषय निघतो तो समोरच्या इमारतीनं चंद्र कसा झाकला याचा.

चंद्राला वर मान करून बघण्याची वेळ आमच्यावर येते ती कार्तिकात, आणि तीही शहरात नाही. शहरात त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर पणत्यांचा दीपोत्सव असतो. हजारो दिवे, रांगोळ्या, पाण्यात उतरलेल्या दीपमाळा, आणि अलीकडं दिव्यांपेक्षा जास्त मोबाईल. सुंदर दिसतं यात वाद नाही. पण या घाटावर कार्तिकातच घडलेली दुसरी एक गोष्ट मला दिव्यांपेक्षा जास्त आठवते. १८९९ साली शाहू महाराज कार्तिकस्नानाला इथं येत होते. बरोबर संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत होते. भटजी म्हणतायत ते मंत्र वेदोक्त नव्हेत, पुराणोक्त आहेत, हे त्यांनी महाराजांच्या लक्षात आणून दिलं. विचारल्यावर भटजींनी दिलेलं उत्तर म्हणजे शूद्राला पुराणोक्तच सांगायचे असतात. त्या थंड पाण्यातून वेदोक्ताचं प्रकरण उभं राहिलं आणि पुढची कितीतरी वर्षं महाराष्ट्र त्यात तापत राहिला. घाटावर पणती सोडताना पायरीवरच्या कुणाला तरी हे सांगावं असं वाटतं. एकदा सांगून बघितलं, तर "काका, जरा बाजूला व्हा, रील चाललंय" असं ऐकायला मिळालं.

कार्तिक पौर्णिमेची रात्र खरी बघायची ती खिद्रापूरला. कोल्हापूरपासून साठेक किलोमीटर, कृष्णेच्या काठाला, अगदी कर्नाटकाच्या हद्दीला टेकून. कोपेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ, ज्याच्यासमोर नंदी नाही. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली म्हणून तो इथं नाही, आणि रागावलेल्या शिवाला शांत करायला विष्णू धोपेश्वर होऊन शेजारी बसले, अशी कथा. गाभाऱ्यात खरंच दोन लिंगं आहेत. पण त्या रात्री लोक येतात ते स्वर्गमंडपासाठी. ४८ खांबांचा हा मंडप, आणि त्याच्या छताला मधोमध तेरा-एक फूट व्यासाचं गोल उघडं तोंड. त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल रंगशिला. त्रिपुरारी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र त्या वर्तुळात येतो.

हे ऐकून पूर्वी मला ती जाहिरातबाजी वाटायची. चंद्र काय, केव्हातरी डोक्यावर येणारच. मग वहीवर आकडे मांडून बघितले. नोव्हेंबरात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १५ ते २२ अंशांवर असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे तो उत्तरेला तितक्याच अंशांवर, पाचएक अंश इकडंतिकडं. आणि खिद्रापूर आहे उत्तर अक्षांश १६.७ च्या आसपास. म्हणजे वर्षातल्या ज्या पौर्णिमांना मध्यरात्री चंद्र इथल्या माणसाच्या जवळजवळ थेट टाळूवर येतो, त्यांतली ही एक. आश्विनात तो दक्षिणेला कलतो, मार्गशीर्षात बराचसा उत्तरेला सरकतो. बांधणाऱ्यांनी हे गणित मांडूनच छत उघडं ठेवलं, का होमाच्या धुरासाठी ठेवलं आणि चंद्राचा योग नंतर कुणा जागरूक माणसाच्या ध्यानात आला, यावर लोक वाद घालतात. मला दुसरी शक्यताही तितकीच आवडते. शेकडो वर्षांत कुणीतरी एक माणूस त्या रंगशिलेवर उताणा पडला असेल, आणि त्यानं गावात जाऊन सांगितलं असेल.

अंबाबाईच्या किरणोत्सवाशी हे ताडून बघण्यासारखं आहे. तिथं मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर येतात, आणि त्यासाठी सूर्य ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी अशा तारखा पाळतो. इंग्रजी कॅलेंडर लावा, झालं. चंद्र तारखेला जुमानत नाही, दरवर्षी अकराएक दिवस मागं येतो, मग अधिक महिना घालून त्याला पुन्हा ऋतूत ओढून आणावं लागतं. त्यामुळं खिद्रापुरात दरवर्षी तो वर्तुळाच्या अगदी मध्यावर येईलच असं नाही. कधी जरा उत्तरेच्या कडेला असतो. मंडपात त्या रात्री उभं राहायला जागा नसते. सगळ्यांच्या माना वर. शेजारचा एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन विचारत होता, "दिसतंय का रं?" "दिसतंय." "मध्यात हाय का?" पोरगं थोडं थांबून म्हणालं, "थोडं सरकलंय." "मग सरकू दे की," आजोबा म्हणाले, "त्येला काय आपली घाई हाय व्हय."

राहिली होळी. या एका पुनवेला कोल्हापूरकर कुठं जात नाही. बाहेर जातात त्या शेण्या, म्हणजे गोवऱ्या. पूर्वी शिमग्याला गल्लीगल्लीत होळीची उंची हा इज्जतीचा प्रश्न असायचा. एरंडाचा फाटा उभा करायचा, भोवती शेण्यांची उतरंड, आणि दुसऱ्या पेठेची होळी किती उंच झाली हे बघायला पोरं पाठवायची. आता 'होळी लहान करा, शेण्या दान करा' हे इथं रुळलंय. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते, त्याला शेणी लागते, आणि ती गावानं द्यावी एवढा साधा हिशेब. मंडळं, शाळा, सोसायट्या टेंपो भरून शेण्या आणून देतात. करोनात स्मशानभूमीवर जो ताण आला तो बघितलेली माणसं आता या दानाला नाही म्हणत नाहीत.

आमच्या गल्लीत यंदा होळी कमरेएवढी होती. पोळीचा नैवेद्य झाला, बोंबा मारून झाल्या, कैऱ्या आणि नारळ आगीत भाजून झाले. पोरांनी बाजूला काढलेल्या शेण्या रात्रीच मोजायला घेतल्या, कारण सकाळी लवकर टेंपो येणार होता आणि पलीकडच्या मंडळापेक्षा आपल्या जास्त भरल्या पाहिजेत यावर त्यांचं एकमत होतं. मोजणी दोनदा चुकली. दारात खुर्ची टाकून बसलेल्या तात्यांनी शेवटी हाक मारली, "आरं, त्या माझ्यासाठी न्हेऊन ठेवा चांगल्या सुक्या बघून. ओल्या दिलासा तर मला धूर हुईल." पोरं हसली, आणि त्यातल्या एकानं खरोखरच एक ओली शेणी उचलून बाजूला टाकली.